पावाचं यीस्ट, त्याची प्रथिनं आणि पेशीतली ये-जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, कॉलेजातले शिक्षक आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्या प्रश्नात दम होता तिथे हात आखडता घेतलेला नाही.

दुकानात मिळणारं यीस्ट आणि प्रयोगशाळेतलं यीस्ट एकच का?

जात एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. वाण वेगळं. बेकरीचं यीस्ट भरपूर वायू सोडावा, वाळवलं तरी जगावं, गोड कणकेत टिकावं, यासाठी निवडलेलं असतं. त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दोनाहून जास्त प्रती असणं नेहमीचं. अशा पेशीत जनुकाची एक प्रत मोडली, तरी उरलेल्या प्रती काम निभावून नेतात आणि आपल्याला काहीच दिसत नाही. संशोधनाला हवं असतं ते एकेकच प्रत असलेलं, म्हणजे हॅप्लॉइड वाण.

जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं वाण म्हणजे एस२८८सी. ते रॉबर्ट मॉर्टिमर यांनी संकर करून तयार केलं. त्याचा बराचसा वारसा आला आहे एका सडक्या अंजिरावरून. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथे एमिल म्राक यांनी त्या अंजिरावरचं यीस्ट वेगळं केलं होतं. म्हणजे ‘यीस्टमध्ये असं असतं’ असं पाठ्यपुस्तकात वाचाल, तेव्हा पुष्कळदा ते या एका घराण्याबद्दलचं विधान असतं.

इडलीच्या पिठात हेच असतं का?

त्या पिठातही यीस्ट सापडतात, पण इडली फुगवण्याचं श्रेय मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूला. झटपट ढोकळ्यात तर ना यीस्ट ना जिवाणू, तिथे सोडा आणि आंबट यांचं काम.

यीस्टच्या प्रथिनांचा अभ्यास सुरू कुठून झाला?

१८९७ मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूसोबत खलात रगडलं, दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. जिवंत पेशी एकही नसताना बुडबुडे आले. किण्वनाला ‘जीव’ लागत नाही, पेशीतली रसायनं पुरतात, हे त्या बुडबुड्यांनी दाखवलं. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. आजही प्रथिनं बाहेर काढायची तर यीस्टची जाड भिंत फोडावी लागते. खल जाऊन काचेचे बारीक मणी आले, नळी यंत्रावर गदागदा हलवायची, मधूनमधून बर्फात ठेवायची. तत्त्व तेच.

माणसाबद्दलचे प्रश्न यीस्टला विचारून काय उपयोग?

कारण जिवाणूंसारखी त्याची पेशी मोकळीढाकळी नाही. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, रिक्तिका, सगळं सामान आपल्या पेशीसारखंच आहे, फक्त जनुकं सुमारे सहा हजार. ३० अंश सेल्सिअसला, खाऊनपिऊन सुखात असलेली पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते. शिवाय हवं ते जनुक नेमक्या जागी कापणं, बदलणं, त्याला शेपूट जोडणं यीस्टमध्ये कमालीचं सोपं आहे. दोन्ही टोकं जुळणारा डीएनएचा तुकडा आत सोडला, की पेशी तो आपणहून योग्य जागी बसवून घेते. आज क्रिस्पर या जनुकं कापण्या-बदलण्याच्या तंत्राचा बोलबाला आहे, पण यीस्टवाल्यांची त्याविना कित्येक दशकं अडली नव्हती.

१९९६ मध्ये यीस्टचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाला : १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान पहिला यीस्टचा. माणसाशी किती जुळतं, याचं सगळ्यांत थेट उत्तर २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ऑस्टिनच्या गटाने दिलं. ज्यांच्यावाचून यीस्ट जगत नाही अशी ४१४ जनुकं त्यांनी घेतली आणि प्रत्येकाच्या जागी माणसातलं समकक्ष जनुक चालतं का ते पाहिलं. जवळपास निम्म्या वेळा यीस्ट जगलं. वेगळं होऊन शंभर कोटी वर्षांच्या आसपास झालेल्या दोन वंशांतली ही गोष्ट आहे.

जगायला आवश्यक जनुक मोडलं तर पेशी मरणारच. मग अभ्यास करायचा कशाचा?

हा प्रश्न विद्यार्थी नेमका विचारतात, आणि यीस्टच्या साऱ्या पेशीविज्ञानाची किल्ली इथेच आहे. जनुक पूर्ण मोडायचं नाही, अर्धवट बिघडवायचं. असं, की त्याचं प्रथिन २३ अंशाला नीट चालेल आणि ३६ अंशाला ढासळेल. पेशी थंडाव्यात वाढवून घ्यायच्या, मग तापमान चढवायचं आणि काम कुठे अडतं ते बघत बसायचं.

लेलँड हार्टवेल यांनी सिॲटलमध्ये १९७० च्या सुमारास हेच केलं. यीस्टची पेशी दोन भागांत मधोमध फुटत नाही, तिला कळी येते. शाळेत आपण ‘कलिकायन’ शिकलो ते हेच. कळी किती मोठी आहे यावरून पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते साध्या सूक्ष्मदर्शकात कळतं. बहुतेक बिघडलेल्या पेशी तापमान वाढवल्यावर जिथे असतील तिथे, कशाही अवस्थेत थांबतात. काही थोड्या म्युटंटमध्ये (म्हणजे जनुक बिघडलेल्या वाणांमध्ये) मात्र सगळ्याच्या सगळ्या पेशी एकाच रूपात थांबलेल्या दिसल्या : कुठे सगळ्यांना मोठी कळी, कुठे कळीच नाही. याचा अर्थ, त्या जनुकाची गरज विभाजनाच्या एका ठरावीक पायरीवरच लागते. यांना सीडीसी जनुकं म्हणतात. त्यातलं सीडीसी२८ मोडलं की पेशी कळी काढायलाच तयार होत नाही.

पॉल नर्स यांनी दुसऱ्याच, मधोमध फुटणाऱ्या यीस्टमध्ये सीडीसी२ शोधलं, ते याचंच भावंड निघालं. पुढे १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेने माणसाचं तेच जनुक शोधलं, आणि शोधायची पद्धत काय, तर माणसाचे डीएनए बिघडलेल्या यीस्टमध्ये सोडायचे आणि कोण जगतं ते बघायचं. २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हार्टवेल, नर्स आणि समुद्री साळिंदरांवर काम करणारे टिम हंट यांना मिळून दिलं गेलं.

पेशीत बनलेलं प्रथिन योग्य ठिकाणी पोचतं कसं?

रँडी शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी बर्कलीला हाच प्रश्न हातात घेतला. साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजसारखी काही प्रथिनं यीस्ट पेशीबाहेर सोडतं. ती बाहेर पडेनाशी झाली, तर कोणतं जनुक बिघडलं? १९७९ मध्ये पहिलं सापडलं, सेक१. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी बारीक पिशव्यांनी गच्च भरलेली दिसली, माल तयार पण दार बंद.

एकेक म्युटंट शोधत बसणं वेळखाऊ, म्हणून त्यांनी एक युक्ती केली, आणि मला या सगळ्या कथेतली तीच सर्वांत आवडते. बाहेर माल जात नसेल तर पेशीचं आवरणही वाढत नाही, कारण त्या पिशव्याच जाऊन आवरणाला मिळत असतात. आत प्रथिनं मात्र बनतच राहतात. म्हणजे पेशी जड होणार. मग सगळ्या पेशी दाट द्रावणात टाकून यंत्रावर गरगर फिरवायच्या आणि तळाशी जाईल ते उचलायचं. १९८० पर्यंत अशी २३ जनुकं हाती आली. कोणत्या म्युटंटमध्ये माल कुठे तुंबतो, यावरून मार्गाचा क्रम लागला : आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्गी, मग पिशव्या, मग आवरण.

त्याच काळात जेम्स रॉथमन सस्तन प्राण्यांच्या पेशी फोडून, नळीत हीच वाहतूक चालवत होते. त्यांनी शुद्ध केलेलं एनएसएफ हे प्रथिन, शेकमन यांच्या २३ जनुकांतल्या सेक१८ च्या प्रथिनाचं समकक्ष निघालं. दोन अगदी वेगळ्या वाटांनी माणसं एकाच दाराशी पोचली, आणि म्हणूनच त्या निष्कर्षावर कुणी फारशी शंका घेतली नाही. २०१३ च्या नोबेलमध्ये शेकमन, रॉथमन आणि चेतापेशींवर काम करणारे थॉमस स्युडहॉफ हे तिघे होते.

वेस्टर्न ब्लॉटवर सीपीवायच्या तीन पट्ट्या दिसतात. त्यांचा अर्थ काय?

सीपीवाय म्हणजे कार्बॉक्सिपेप्टिडेज वाय, रिक्तिकेत राहणारं, प्रथिनं कापणारं एन्झाइम. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमधून वजनानुसार वेगळी करून हवं ते प्रथिन पट्टीच्या रूपात बघतात. प्रवासात त्याचं वजन बदलतं, हीच त्याची गंमत. आंतर्द्रव्यजालिकेत साखरेच्या साखळ्या लागल्या की ते सुमारे ६७ किलोडाल्टनचं (हे प्रथिनांच्या वजनाचं एकक) असतं, त्याला पी१ म्हणतात. गॉल्गीत साखरेची आणखी भर पडून ६९ चं पी२ होतं. रिक्तिकेत पोचल्यावर पुढचा तुकडा कापला जातो आणि ६१ ची तयार पट्टी उरते. एकाच ब्लॉटवर प्रवासाची तिन्ही ठाणी दिसतात.

आता म्युटंट ठेवून बघा. सेक१८ मध्ये तापमान चढवलं की फक्त पी१ साठतं, माल पहिल्या ठाण्यावरच अडला. पेप४ मोडलेल्या पेशीत पी२ साठतं, कारण कापणारं एन्झाइमच कामाचं राहत नाही. सेक१ मध्ये काय होईल? बरेच जण सांगतात, अडेल. अडत नाही. पेशीच्या आवरणाकडे जाणारी वाट बंद असली, तरी रिक्तिकेकडची वाट गॉल्गीतच फुटते, आणि सीपीवाय सुखरूप पोचतं. वाटा दोन आहेत, हे एका पट्टीच्या जागेवरून सिद्ध होतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न जरूर विचारावा.

६७ आणि ६९ या पट्ट्या जवळजवळ असतात, तेव्हा घाई करून जेल लवकर थांबवू नका, त्या वेगळ्या दिसणार नाहीत.

ओसुमींनी नेमकं काय केलं?

योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली. विषय निवडला यीस्टची रिक्तिका, जिच्याकडे तेव्हा बहुतेक लोक पेशीची कचराकुंडी म्हणून बघत. उपाशी पेशी स्वतःचेच भाग पचवते, म्हणजे स्वभक्षण करते, हे प्राण्यांच्या पेशींत पूर्वीच दिसलं होतं. पण त्यामागची जनुकं कुणालाच ठाऊक नव्हती. यीस्टमध्ये हे होतं का, हेही दिसत नव्हतं, कारण रिक्तिकेत गेलेला माल चटकन पचून जायचा. ओसुमींनी पचवणारी एन्झाइमं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं. काही वेळातच रिक्तिका गोल गोळ्यांनी भरली, आणि ते गोळे आत थरथरत नाचताना साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसले. आत आलेलं काही पचत नव्हतं, म्हणून ते दिसायला लागलं.

मग पुढची पायरी सरळ होती : ज्या म्युटंटमध्ये उपाशी ठेवूनही गोळे साठत नाहीत, ती शोधा. १९९३ मध्ये त्यांनी आणि मिकी त्सुकादा यांनी अशी १५ जनुकं मांडली. आज ती एटीजी नावाने ओळखली जातात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची भावंडं माणसात आहेत. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं.

प्रथिन पेशीत कुठे राहतं, हे कसं बघतात?

जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, त्याला शेपटासारखं जोडायचं. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एरिन ओशे आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटांनी यीस्टच्या एकेका जनुकाला, त्याच्या मूळ जागीच, हे शेपूट लावलं. ४,१५६ प्रथिनांचे पत्ते मिळाले, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने सुमारे तीन चतुर्थांश. त्याच वर्षी एकेका प्रथिनाच्या प्रतीही मोजल्या गेल्या : काहींच्या पेशीमागे पन्नासही नाहीत, तर काहींच्या दहा लाखांवर.

एक सावधगिरी. शेपूट काही वेळा प्रथिनाला मूळ जागी जाऊच देत नाही. विशेषतः ज्यांचं शेवटचं टोक पडद्यात रुतायचं असतं, त्यांना मागे जीएफपी लावणं म्हणजे पायात बेडी घालणं. म्हणून शेपूट लावलेली पेशी नेहमीसारखी वाढते का, हे आधी तपासा. सुंदर हिरवं चित्र मिळालं की हे तपासायचं बऱ्याच जणांच्या मनातही येत नाही.

यीस्ट टू-हायब्रिडवर विश्वास ठेवावा का?

सुरुवात म्हणून जरूर, शेवटचा पुरावा म्हणून नाही. दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का, हे तपासायची ही पद्धत स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये मांडली. गॅल४ या प्रथिनाचे दोन भाग असतात, एक डीएनए धरतो, दुसरा जनुक चालू करतो. दोन्ही वेगळे करून एकेका परक्या प्रथिनाला जोडायचे. ती दोन परकी प्रथिनं एकमेकांना चिकटली, की गॅल४ पुन्हा जुळून येतं, रंग आणणारं जनुक चालू होतं आणि वसाहत, म्हणजे थाळीवर वाढलेला पेशींचा पुंजका, निळी होते. अडचण अशी, की ही भेट केंद्रकात घडवली जाते. एरवी पेशीच्या दोन टोकांना राहणारी, कधीच न भेटणारी प्रथिनंही तिथे चिकटतात. दुसऱ्या पद्धतीचा दुजोरा हवाच.

गॅल४ चं मूळ काम गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं चालू करणं. एरवी गॅल८० त्याला दाबून ठेवतं; गॅलॅक्टोज आलं की गॅल३ त्या गॅल८० ला धरतं आणि गॅल४ मोकळं होतं. ग्लुकोज असेल तर मात्र गॅलॅक्टोज कितीही घाला, ही जनुकं गप्प. या यंत्रणेवर आयआयटी मुंबईत पी. जे. भट यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं आहे. कुठलंही प्रथिन हुकमी बनवून घ्यायला यीस्टवाले आजही हीच कळ दाबतात.

यीस्टमध्ये प्रिऑन असतात म्हणे. पाव खाणं धोक्याचं का?

नाही. यीस्टचे प्रिऑन यीस्टपुरते. प्रथिन वेगळी घडी घालून घेतं आणि आपल्यासारख्या इतरांनाही तशी घडी घालायला लावतं, एवढंच मॅड काउ रोगाशी साम्य. १९९४ मध्ये रीड विकनर यांनी, यीस्टमधले काही विचित्र, जनुकांच्या नियमात न बसणारे गुण हे असे प्रिऑन आहेत, हे सांगितलं. त्यातला एक सुप३५ या प्रथिनाचा. ठरावीक वाणात प्रिऑन नसेल तर वसाहत लाल, असेल तर पांढरी. डीएनएमध्ये एका अक्षराचाही फरक नाही आणि थाळीवर रंग वेगळे! मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका : तंतुकणिका निकामी झाल्या तरी लाल वसाहती पांढऱ्या पडतात.

यातून औषधं आली का?

आली. १९८६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली हिपॅटायटिस बी ची लस ही जनुक-अभियांत्रिकीने बनलेली माणसांसाठीची पहिली लस. विषाणूच्या आवरणाचं प्रथिन पावाच्या यीस्टमध्ये बनवून ती केली होती. इन्सुलिनही यीस्टमधून निघतं. ते पेशीबाहेर यायला शेकमन यांनी उलगडलेल्या वाटेनेच येतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्व्हावॅक ही लस यीस्टमध्येच बनते, पण ते यीस्ट हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा, पावाचं नव्हे.

मग आता यीस्टमध्ये शोधण्यासारखं उरलं काय?

पुष्कळ. जीनोम वाचून तीन दशकं होत आली, तरी शेकडो प्रथिनांचं काम माहीत नाही. एकेक जनुक काढून टाकलेल्या पेशींचा संच २००२ पासून उपलब्ध आहे आणि त्यात दिसलं, की ऐंशी टक्क्यांच्या आसपास जनुकं काढली तरी पेशी प्रयोगशाळेत जगते. माझ्या मते यात यीस्टपेक्षा आपल्या प्रयोगशाळेबद्दल जास्त कळतं. साखर, पेप्टोन, ३० अंशांची ऊब, एवढ्या लाडात कोण मरेल? झाडाच्या सालीवर, कीटकाच्या पोटात, उन्हात ती जनुकं लागत असणार. त्यातच एस२८८सी मध्ये एफएलओ८ हे जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे पेशींनी लांबट होऊन माळा करत पसरणं हा अख्खा गुणच त्या वाणात दिसत नाही. निव्वळ मोठ्या याद्या करणाऱ्या संशोधनापेक्षा एक जनुक मोडून, वेगळ्या परिस्थितीत शांतपणे बघणारं काम मला अजूनही जास्त फळणारं वाटतं.

शोधनिबंधातली नावं कशी वाचायची?

रोमन मोठी तिरपी अक्षरं म्हणजे धडधाकट जनुक, छोटी तिरपी म्हणजे बिघडलेलं, पहिलंच अक्षर मोठं आणि सरळ टाइप म्हणजे प्रथिन. प्रत्येक जनुकाला पत्ताही असतो. सीडीसी२८ चा पत्ता वायबीआर१६०डब्ल्यू : वाय म्हणजे यीस्ट, बी म्हणजे दुसरं गुणसूत्र, आर म्हणजे उजवी बाजू, १६० हा क्रमांक, डब्ल्यू म्हणजे डीएनएचा कोणता धागा. हा पत्ता स्टॅनफर्डच्या सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेसवर टाका, फुकटात सगळी माहिती मिळते.

आमच्या कॉलेजात जेमतेम सूक्ष्मदर्शक आहे. काय करता येईल?

बरंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातून ओळख पटलेलं वाण मागवा. पाकिटातलं यीस्टही सुरुवातीला चालेल. कोमट साखरपाण्यात तासभर ठेवून ४० च्या भिंगाखाली बघा : कळ्या दिसतील, आणि पेशीच्या मधोमध फिकट, गोल रिक्तिका. मिथिलिन ब्लू घातलं तर मेलेल्या पेशी निळ्या राहतात, जिवंत पेशी रंग घालवून टाकतात. वेगवेगळ्या तापमानाला ठेवून निळ्या पेशी मोजल्या, तर एका सत्राचा प्रकल्प होतो.

ॲडेनिन बनवायला लागणारं एडीई२ हे जनुक बिघडलेलं वाण मिळालं तर फारच छान. ॲडेनिन कमी असलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती दोन-तीन दिवसांत गुलाबी होत लाल पडतात, कारण अर्धवट राहिलेलं रसायन रिक्तिकेत साठून रंगतं.

यीस्ट हाताळताना धोका असतो का?

निरोगी माणसाला नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर क्वचित संसर्ग होऊ शकतो, अशांनी प्रयोगापासून दूर राहावं. जनुक बदललेलं वाण वापरायचं असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवावं लागतं, आणि काम झाल्यावर थाळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) कचऱ्यात टाकता येत नाहीत.